पहिला कॅमेरा घेताय? या चुका टाळा

कॅमेरा घ्यायचं पक्कं झालं असेल तर दुकानात जायच्या आधी फोनची गॅलरी उघडा आणि गेल्या वर्षभरातले फोटो सावकाश बघा. काय जास्त दिसतंय? घरातली माणसं, गडकिल्ले, फुलं, पक्षी, देवळं? मग त्यातले मनासारखे न आलेले फोटो बाजूला काढा. फांदीवरचा धनेश ठिपक्याएवढा आला. विसर्जन मिरवणुकीत ताशावाल्याचे हात पुसट झाले. अजिंठ्याच्या लेण्यातलं चित्र दाणेदार आलं. फोन ज्या जागी अडला, तीच जागा नव्या कॅमेऱ्याने सोडवायची आहे. पैसाही तिथेच लागला पाहिजे.

नवख्यांच्या बहुतेक चुका ही जागा न शोधता खरेदी केल्यामुळे होतात. ओळखीतल्या कुणाकडे अमुक कॅमेरा आहे, व्हिडिओत कुणी तमुक लेन्स सांगितली, सेलमध्ये बॅग फुकट मिळतेय, एवढ्यावर बरीच मोठी रक्कम खर्च होते. मग कॅमेरा कपाटात पडून राहतो आणि फोटो पुन्हा फोननेच काढले जातात.

सगळे पैसे बॉडीवर घालवणं

पन्नास हजार ठरवले असतील तर अट्ठेचाळीसची बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) आणि तिच्यासोबत येईल ती लेन्स, असा हिशेब सर्रास होतो. त्यापेक्षा एक पायरी खालची बॉडी आणि एक चांगली लेन्स घेतली तर फोटोत जास्त फरक पडतो.

मेगापिक्सेलचं घ्या. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण ६००० गुणिले ४००० पिक्सेल. १२ बाय १८ इंचांचा मोठा प्रिंट इंचाला ३०० ठिपक्यांनी काढायचा तर ५४०० गुणिले ३६०० लागतात. म्हणजे भिंतीवर लावायच्या फ्रेमसाठीही २४ पुरून उरतात. सुरुवातीच्या श्रेणीतल्या बहुतेक बॉडी आज याच आसपास आहेत. वरच्या मॉडेलमध्ये वेग, जास्त बटणं, पावसापासून थोडं संरक्षण आणि मोठा व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) मिळतो. या सगळ्याचा उपयोग आहेच, पण अंधारात अडलेला फोटो त्याने सुटत नाही.

तो सुटतो लेन्सने. सोबत येणारी १८-५५ लेन्स (हे फोकल लांबीचे आकडे, मोठा आकडा म्हणजे दृश्य जवळ) ५५ वर नेली की तिचं प्रकाश आत घेणारं छिद्र जास्तीत जास्त एफ/५.६ पर्यंतच उघडतं. एफचा आकडा जेवढा लहान, तेवढं छिद्र मोठं. एफ/१.८ ची लेन्स त्याच्या जवळपास दहापट प्रकाश आत घेते. घरात संध्याकाळी शटर १/२० सेकंद उघडं ठेवून पुसट येणारा मुलीचा चेहरा तेवढ्याच आयएसओवर (प्रकाशाला दाद देण्याच्या पातळीवर) १/२०० ला टिपता येतो. बॉडीवर दहा-पंधरा हजार जास्त घातले म्हणून एवढी उडी मिळत नाही. त्यामुळे ढोबळमानाने निम्मे पैसे बॉडीला ठेवावेत आणि उरलेले लेन्स, दुसरी बॅटरी, कार्ड आणि फोटो साठवायची हार्ड डिस्क यांत वाटावेत. हार्ड डिस्क बहुतेक जण विसरतात. २४ मेगापिक्सेलची एक रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल सहज २५-३० एमबीची असते.

फुल फ्रेम बॉडीचा मोहही इथेच आवरायला हवा. तिचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो आणि अंधारात तो खरोखर सरस ठरतो. पण तिच्या लेन्सही तशाच महाग आणि जड असतात. हरिश्चंद्रगड चढताना पाठीवरचं दर शंभर ग्रॅम जाणवतं. पहिल्या कॅमेऱ्याला त्याहून लहान एपीएस-सी सेन्सर पुरतो.

‘आधी फिफ्टी घे’ हा सल्ला डोळे मिटून पाळणं

५० एमएम एफ/१.८ स्वस्त आणि हलकी आहे, तिचे फोटोही स्वच्छ येतात. म्हणून ती सगळ्यांना सुचवली जाते. पण एपीएस-सी बॉडीवर दृश्याचा आवाका लहान होतो. निकॉन आणि सोनीवर दीडपट, तर कॅननवर १.६ पट असा हिशेब धरायचा. म्हणजे तीच ५० तिथे ७५ किंवा ८० सारखी वागते. अंगणातल्या किंवा बागेतल्या पोर्ट्रेटसाठी ती छान आहे. पण दहा बाय बाराच्या खोलीत वाढदिवसाचा केक आणि भोवतीची सहा माणसं एका चौकटीत बसवायला गेलात तर पाठ भिंतीला टेकते आणि तरी दोन माणसं बाहेर राहतात. घरातले सोहळे, जुन्या वाड्यांची दालनं, गणपतीची आरास हे तुमचे विषय असतील तर ३५ किंवा २४ घ्या. गोंधळ असेल तर १८-५५ ला आठवडाभर ३५ वर ठेवून फोटो काढा, मग आठवडाभर ५० वर. कुठल्या आकड्यावर हात रमतो ते कळतं आणि खर्च शून्य.

फुलांच्या बाबतीत हा सल्ला आणखी फसतो. ऑगस्टच्या शेवटापासून कासच्या पठारावर रीघ लागते. तिथली सीतेची आसवं, दवबिंदू यांसारखी फुलं नखाएवढी. ती चौकटीत मोठी दिसण्यासाठी लेन्स किती जवळून फोकस करते हे बघावं लागतं. कॅननची ५० एमएम एसटीएम ३५ सेंटिमीटरपर्यंत, निकॉनची ५० एमएम १.८ जी ४५ सेंटिमीटरपर्यंत येते. त्याहून जवळ गेलात की फोकस लागतच नाही आणि नवखा माणूस समजतो, लेन्स खराब आहे. याउलट नव्या पिढीच्या १८-५५ लेन्स २५ सेंटिमीटरवरून फोकस करतात आणि ५५ वर ठेवल्या तर फूल फिफ्टीपेक्षा बरंच मोठं दाखवतात. ज्या किट लेन्सला सगळे नावं ठेवतात, तीच कासला जास्त कामाची!

आणखी जवळ जायचं असेल तर मॅक्रो (अगदी जवळून मोठं दाखवणाऱ्या) लेन्सच्या आधी एक्स्टेन्शन ट्यूब वापरून बघा. या पोकळ नळ्या असतात, बॉडी आणि लेन्सच्या मधे बसतात. मात्र धातूचे विद्युत संपर्क असलेल्याच घ्या. अगदी स्वस्त नळ्यांना ते नसतात, मग आजच्या लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही आणि छिद्रही कमी-जास्त करता येत नाही. आणि ट्यूब कितीही छोटी असली तरी जवळ जायच्या नादात पायवाट सोडून फुलांवर गुडघे टेकू नका. ती फुलं पुढच्या माणसालाही बघायची आहेत.

पक्ष्यांचा खर्च कमी धरणं

पक्षी हा छंदातला सगळ्यात महागडा विषय, हे आधीच माहीत असलेलं बरं. भिगवणला उजनीच्या फुगवट्यात होडीतून रोहितांचा थवा टिपायला २५० एमएम चालते, कारण तिथे थवा आणि पाणी हेच चित्र असतं. एकट्या खंड्याच्या डोळ्यातली चमक हवी असेल तर ४००च्या पुढे जावं लागतं. त्या वर्गातल्या १५०-६०० लेन्स दोन किलोंच्या आसपास भरतात.

इथे बरेच जण ब्रिज कॅमेऱ्याकडे (लांब झूमची लेन्स कायमची जोडलेल्या कॅमेऱ्याकडे) वळतात. निकॉन पी९५० ला ८३ पट झूम आहे, फुल फ्रेमच्या भाषेत २४ ते २००० एमएम. माझ्या मते पक्षी ओळखण्याची, नोंदी ठेवण्याची आवड असेल तर हा रास्त पर्याय आहे. भरदिवसा दूरच्या पक्ष्याची खूण त्यात नीट पटते. पण त्याचा सेन्सर १/२.३ इंचांचा, म्हणजे अगदी लहान. ताडोबात पहाटेच्या पहिल्या तासात, वाघ दिसायची शक्यता चांगली असते तेव्हाच, प्रकाश कमी असतो आणि फोटो दाणेदार येतो. हे पटत असेल तरच घ्या.

वर्षातून एकदोनदाच जंगलात जाणार असाल तर मोठी लेन्स विकत घेऊ नका. मुंबई-पुण्यात आणि इतर मोठ्या शहरांत लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. ओळखपत्र आणि अनामत रक्कम लागते. ताब्यात घेतानाच काचेचा आणि माउंटचा (लेन्स बॉडीला जोडायच्या कडीचा) फोटो काढून ठेवा, म्हणजे परत देताना ओरखड्यावरून वाद होत नाही. जिप्सीत ट्रायपॉड निरुपयोगी असतो, बीनबॅग न्या. ती रिकामी न्यायची आणि मुक्कामी पोहोचल्यावर तांदूळ किंवा वाटाणे भरायचे.

माउंट न बघता लेन्स उचलणं

जुन्या बाजारात स्वस्त लेन्स दिसली की हात पुढे जातो. निकॉनच्या डी३५००, डी५६०० यांसारख्या बॉडीत फोकसची मोटर नाही. त्यांच्यावर जुनी एएफ ५० एमएम १.८ डी लावली तर फोटो येतो, पण फोकस हाताने फिरवावा लागतो. त्यांना आत मोटर असलेल्या एएफ-एस किंवा एएफ-पी लेन्स लागतात. उलटही फसगत होते. एएफ-पी लेन्स डी३२००, डी५१०० अशा जुन्या बॉडींवर फोकसच करत नाही, हातानेही नाही.

कॅननमध्ये जुन्या ईएफ माउंटच्या लेन्स अडॅप्टरने नव्या आरएफ बॉडीवर उत्तम चालतात, पण एम५० सारख्या कॅमेऱ्यांच्या ईएफ-एम लेन्स आरएफवर बसत नाहीत. ती माउंट आता बंद झाली आहे. स्वस्तात मिळतोय म्हणून एम५० घेणं चूक नाही. आहे त्या दोन-तीन लेन्सवर भागवायची तयारी मात्र हवी.

डीएसएलआर (आरशातून दृश्य दाखवणारा) घ्यावा की मिररलेस (आरसा नसलेला)? नवा घ्यायचा तर मिररलेस, कारण कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०१८ मध्ये आरएफ आणि झेड माउंट आणल्यापासून नव्या लेन्स तिकडेच येत आहेत. पैसे बेताचे असतील तर वापरलेला डीएसएलआर अजूनही फार चांगला सौदा आहे. बॅटरीत तर तोच पुढे. डी३५०० ची एक बॅटरी प्रमाणित चाचणीनुसार १५५० फोटो देते, छोट्या मिररलेसची तीन-चारशेच्या आसपास. दोन दिवसांच्या ट्रेकला हा फरक मोठा आहे. मिररलेस घेतलात तर दुसरी बॅटरी त्याच दिवशी घ्या. आणि मॉडेल हातात घेऊनच ठरवा. निकॉन झेड३० ला व्ह्यूफाइंडर नाही, गडावरच्या उन्हात स्क्रीन दिसणं कठीण. कॅनन आर१०० चा स्क्रीन वळत नाही आणि त्याला टचही नाही. जमिनीलगतची फुलं टिपणाऱ्याला वळणारा स्क्रीन लागतोच.

किरकोळ वस्तूंत वाहून जाणं

यूव्ही फिल्टर प्रत्येक लेन्ससोबत गळ्यात मारला जातो. डिजिटल सेन्सरला त्याची गरज नाही आणि स्वस्त काच रात्रीच्या दिव्यांत भुताटकी ठिपके आणते. सीपीएल (चकाकी कापणारा फिल्टर) मात्र आपल्याकडे पावसाळ्यात सोन्यासारखा. ओल्या पानांवरची आणि पाण्यावरची चकाकी उतरते, हिरवा रंग खोल दिसतो. तो एक-दोन स्टॉप प्रकाश खातो (दर स्टॉपला प्रकाश निम्मा), तेवढं लक्षात ठेवा. व्यास लेन्सच्या कडेवर लिहिलेला असतो, तो बघूनच मागवा.

कार्डवर व्ही३० लिहिलेलं असावं, म्हणजे लिहिण्याचा वेग सेकंदाला किमान ३० एमबी. बाजारात नकली कार्डं आहेत. नवं कार्ड एकदा पूर्ण भरून सगळ्या फाइल उघडतात का ते सहलीला जाण्याआधी बघा.

प्लास्टिकच्या डोक्याचा फुकट ट्रायपॉड गडावरच्या वाऱ्यात थरथरतो. घ्यायचाच तर ठोस घ्या, नाहीतर थांबा. पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीतल्या स्मारकांत ट्रायपॉडला परवानगी लागते आणि अजिंठ्यात फ्लॅशला मनाई आहे, त्यामुळे लेण्यांचा विषय असेल तर दोन्हींवरचा पैसा उजेड घेणाऱ्या लेन्सकडे वळवा.

फोटो बिघडला: दोष यंत्राचा की वापराचा?

‘लेन्स शार्प नाही’ म्हणून नवी घेणारे खूप असतात. तसं करण्याआधी ही तपासणी करा. कॅमेरा टेबलावर ठेवा, समोर भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवा, एफ/८ लावा, दोन सेकंदांचा टायमर लावून फोटो काढा. अक्षरं कडक आली तर लेन्स चांगली आहे आणि दोष दुसरीकडे शोधायचा.

सगळी चौकट एकाच दिशेला पुसली गेली असेल तर तुमचा हात हलला. शटरचा वेग फोकल लांबीच्या हिशेबाने धरायचा आणि क्रॉपचा (एपीएस-सीचा दीडपट किंवा १.६ पट) गुणाकार विसरायचा नाही. कॅननवर २५० एमएम असेल तर किमान १/४००. स्थिरीकरण असलेल्या लेन्सवर याहून कमी चालतं, पण ते फक्त तुमच्या हाताची थरथर आवरतं. मागचं देऊळ कडक आणि लेझीम खेळणारी पोरं तेवढी पुसट, असं झालं तर १/५०० च्या आसपास जा. त्यासाठी आयएसओ ३२०० करायला घाबरू नका. कमी आयएसओवर काळोखा फोटो काढून नंतर संगणकावर उजळला तर दाणे साधारण तेवढेच दिसतात, कधी कधी जास्तच.

मागचं झाड स्पष्ट आणि चेहरा मऊ असेल तर फोकसचा बिंदू कॅमेऱ्यानेच निवडला. एकच बिंदू निवडायची सेटिंग लावा, किंवा मिररलेसमध्ये डोळा ओळखणारा फोकस चालू करा. डीएसएलआरवर डोळा लावून काढलेले फोटो नेहमीच मऊ आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघून) काढलेले कडक येत असतील, तर मात्र फोकसचं जुळवण खरंच बिघडलेलं असतं. ते सर्व्हिस सेंटरचं काम. आणि व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं धूसर पण फोटो कडक, असं असेल तर त्याच्या शेजारचं बारीक चाक फिरवा. ते चष्म्याच्या नंबरासाठी असतं आणि बॅगेत घासून सहज फिरतं.

पांढरंशुभ्र धोतर करडं आलं, काळ्या पाषाणाची मूर्ती फिकी आली, तर ती कॅमेऱ्यातल्या मीटरची सवय आहे. तो सगळ्याला मध्यम करडं धरून प्रकाश मोजतो. पांढऱ्यासाठी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ-गडद करायची सेटिंग) अधिक एक, काळ्यासाठी उणे एक. यासाठी कुठलीही बॉडी बदलायची गरज नाही.

प्रत्येक फोटोत एकाच जागी काळसर ठिपका दिसतो? ती सेन्सरवरची धूळ. एफ/१६ लावून मोकळ्या आकाशाचा फोटो काढला की ती स्पष्ट दिसते. रबरी ब्लोअर वापरा, तोंडाने फुंकर घालू नका, थुंकीचे कण तिथेच चिकटतात. वारीसारख्या धुळीच्या गर्दीत लेन्स बदलायचं शक्यतो टाळाच.

सगळ्यावर दुधाळ पडदा आला असेल तर आधी फिल्टर काढून बघा, मग काचेवर बोटाचे ठसे आहेत का ते. कोकणात एसी गाडीतून उतरताच असं झालं तर काचेवर दमट हवेची वाफ धरलेली असते. पुसू नका. कॅमेरा बंद बॅगेतच अर्धा तास बाहेरच्या हवेच्या तापमानाला येऊ द्या. यातलं काहीच नसेल तर बुरशीचा संशय घ्या.

वापरलेला माल आणि बुरशी

जुनी लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च मागून मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर कितीही स्वस्त असली तरी सोडा. एखाददुसरा धुळीचा कण चालतो. छिद्राच्या पात्यांवर तेलकट चमक नको. बॉडीचे किती शटर झाले (किती फोटो काढून झाले) तेही विचारा. निकॉनमध्ये तो आकडा फोटोच्या माहितीत मिळतो, कॅननच्या जेपेगमध्ये सहसा नसतो. सुरुवातीच्या श्रेणीतल्या बॉडीचं शटर साधारण एक लाखापर्यंत धरून चालतात. बिलावरचा आणि बॉडीवरचा अनुक्रमांक जुळवून बघा. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात जुने-नवे भरपूर पर्याय एकाच गल्लीत बघायला मिळतात. मात्र नवा माल घेताना भारतातली वॉरंटी आहे का हे स्पष्ट विचारा. बाहेरून आलेला माल स्वस्त पडतो, पण दुरुस्तीचा खर्च मग तुमचा.

आपल्या हवेत खरेदीइतकाच महत्त्वाचा प्रश्न साठवणुकीचा. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथे जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता सतत जास्त असते. ती ६०-६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की काचेवर बुरशी धरू शकते. ती काचेवरचा लेप खाते आणि नंतर साफ केली तरी डाग राहू शकतो. कपाटात, कॅमेऱ्याच्या बॅगेत किंवा चामडी कव्हरमध्ये लेन्स ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. स्पंज आणि चामडं ओल धरून ठेवतात.

स्वयंपाकघरातला हवाबंद मोठा डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि आत एक छोटा आर्द्रतामापक, एवढ्यात काम भागतं. आकडा ४० ते ५० मध्ये ठेवा. त्याहून फार कोरडंही नको, रबर आणि वंगणाला ते चालत नाही. जेलचा रंग बदलला की ते पुन्हा सुकवा. निळं जेल विषारी असतं, म्हणून लहान मुलं असलेल्या घरात नारिंगी घ्या. तांदळात लेन्स पुरू नका, भुकटी आत जाते. डांबरगोळ्याही नकोत. लेन्स तीन-चार झाल्या की विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घ्यायला हरकत नाही.

डब्यात ठेवून विसरू मात्र नका. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढा, झूम आणि फोकसची कडी फिरवा, खिडकीशी चार फोटो काढा. एखाद्या लेन्सवर धागे दिसलेच तर ती लगेच वेगळ्या डब्यात हलवा, बाकीच्यांच्या शेजारी ठेवू नका, आणि पावसाळा संपायची वाट न बघता साफ करायला द्या.